बांधावरची चौकट आणि टापूची यादी

एखाद्या बांधावर वनस्पतींच्या किती प्रजाती सापडतील हे त्या बांधावरची चढाओढ ठरवते की भोवतालच्या मुलखातला प्रजातींचा साठा, हे बेळगाव जिल्ह्यात स्वतः तपासता येते, कारण खानापूरच्या घाटमाथ्यापासून अथणीच्या कोरडवाहू रानापर्यंत पाऊस आणि त्याबरोबर वनस्पतीही झपाट्याने बदलतात.

या पट्ट्यात सारख्या क्षेत्रफळाचे किमान आठ टापू निवडावेत आणि प्रत्येकात दहा बांधांवर, शेतमालकाला विचारून, एक मीटर लांबी-रुंदीची सुतळीची चौकट टाकावी. केना, आघाडा, टाकळा, एकदांडी, हरळी असे जे जे दिसेल ते नोंदवावे. मात्र रोपाचे मूळ चौकटीच्या आत असेल तरच, बाहेरून आत झुकलेला आघाडा धरू नये. तारीख सारखी ठेवण्यापेक्षा पावसाची अवस्था सारखी ठेवावी: खानापुरात पाऊस जुलैत भरात असतो, तर अथणीकडे खरा जोर सप्टेंबरात येतो. दहा चौकटींतल्या प्रजातींची सरासरी ही स्थानिक संख्या. पूर्ण टापूत सापडणाऱ्या प्रजातींची यादी करून त्यांची मोजणी ही टापूची संख्या. टापूची संख्या आडव्या अक्षावर आणि स्थानिक संख्या उभ्या अक्षावर घेऊन सगळ्या टापूंचा आलेख काढावा.

खरी कसोटी टापूच्या यादीची असते. पहिल्या खेपेला मी खानापूरच्या यादीत भीमगड अभयारण्यातले वृक्षही घातले. बांधावर कधीच न उगवणाऱ्या प्रजातींनी टापूची संख्या फुगली आणि आलेखाची रेघ आपोआप वाकली. म्हणून यादी बांधांचीच असावी, पण केवळ आपल्या चौकटींची बेरीज नसावी. नवे नाव मिळेनासे होईपर्यंत इतर बांधही हिंडावेत.

रेघ सरळ चढली तर स्थानिक समुदाय साठ्यातून ठरावीक वाटा घेतो. परिसंस्थाशास्त्रज्ञ कॉर्नेल यांना १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकवरील गाठी करणाऱ्या गांधीलमाश्यांत असेच आढळले. रेघ सपाट होत गेली तर समुदाय भरला, म्हणजे साठा वाढला तरी आत नव्या प्रजातींना जागा उरली नाही, असे म्हणतात, पण नुसत्या नजरेवर विसंबू नये. स्थानिक संख्येला टापूतल्या उरलेल्या प्रजातींनी भागून नैसर्गिक लॉगरिथम घ्यावा आणि तो टापूच्या संख्येच्या लॉगरिथमसमोर मांडावा. समजा, ६० पैकी १२ आणि १२० पैकी २४ मिळाल्या, तर दोन्हीकडे उणे १.३९ येते, म्हणजे उतार शून्य. १२० पैकी १५ च मिळाल्या, तर तिथे उणे १.९५ येते, म्हणजे उतार उणे.

उतार उणे निघाला तरी लगेच स्पर्धेला दोष देऊ नये. एका चौरस मीटरात रोपे मावणार तरी किती? त्याच बांधांवर दहा मीटर लांबीचा पट्टा मोजावा. तिथे उतार नाहीसा झाला, तर समुदाय भरलेला नव्हता, चौकटच लहान पडली होती.