चियांग माईत अडकलेला टीएम ३०

२०२४ च्या सप्टेंबरात चियांग माईला गेलो. जुलैपासून भारतीयांना थायलंडमध्ये व्हिसाशिवाय ६० दिवस मिळू लागले होते. पण मला कार्तिकी पौर्णिमेचा कंदिलांचा उत्सव बघायचा होता, आणि मुदत त्याआधीच संपत होती.

मुदतवाढ ३० दिवसांची, फी १,९०० बाट. टीएम ७ हा मुदतवाढीचा फॉर्म, फोटो, झेरॉक्स घेऊन आठवडाभर आधीच इमिग्रेशन ऑफिसच्या रांगेत उभा राहिलो. खिडकीवरच्या बाईंनी कागद चाळून विचारलं, “टीएम ३०?” परदेशी माणूस राहायला आला की घरमालकानं २४ तासांत द्यायची ती वर्दी. हॉटेलवाले परस्पर देतात; मी भाड्याच्या खोलीत, आणि मालकीणबाईंनी दिलीच नव्हती. चूक माझीही, आधी विचारायला हवं होतं. त्यांनी त्याच दिवशी वर्दी दिली, उशिराचा दंड आम्ही निम्मा-निम्मा केला.

रांगेतला एक जण म्हणाला, “कशाला एवढं? मुदत संपली तरी राहा, जाताना विमानतळावर जादा दिवसांचे दिवसाला ५०० बाट भर, सुटलास.” दंड तेवढाच आहे खरा, पण त्याआधी पोलिसांनी पकडलं तर ५ वर्षं प्रवेशबंदी! हा जुगार आपल्याला झेपणारा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवा शिक्का मिळाला.