रिलेशनशिपमध्ये पवित्रता कशी जपायची

आधी दोघांनी बसून स्पष्ट बोलून घ्या की लग्नाआधी शारीरिक जवळीक कुठे थांबवायची, आणि हे दिवसाढवळ्या शांत डोक्याने ठरवा, रात्री उशिरा एकटे असताना नाही, तेव्हा डोकं चालतच नाही. बायबलमध्ये १ करिंथ ६:१८ मध्ये प्रेषित पौल जारकर्माशी (लग्नाबाहेरच्या शरीरसंबंधांशी) झुंजायला नाही, पळ काढायला सांगतो. मालकाची बायको मागे लागली तेव्हा योसेफ पण शेवटी वस्त्र तिच्या हातात सोडून पळालाच ना (उत्पत्ती ३९). म्हणून बंद खोलीत एकटं भेटणं टाळा आणि रात्रीचं चॅटिंग लवकर आवरा.

रिस्पेक्टचं मात्र फार कमी लोक बोलतात, मला तर तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. समोरची व्यक्ती नाही म्हणाली की विषय तिथेच संपला, रुसायचं नाही, परत परत विचारायचं नाही, आणि "प्रेम असेल तर" हे तर कधीच नाही, तो सरळ दबाव आहे. तसले फोटो मागू नका. तिच्या कपड्यांना दोष देऊ नका, मत्तय ५:२८ मध्ये येशू बघणाऱ्याच्या मनाबद्दल बोलतोय.

पॉर्नची सवय असेल तर एकट्याने लढू नका, एखाद्या विश्वासू मोठ्या भावाला किंवा बहिणीला सांगा आणि दर आठवड्याला त्यांना खरं उत्तर द्या. पाय घसरला तर लपवत बसू नका, कबूल करा, १ योहान १:९ मध्ये क्षमेचं वचन आहे. पण कुणी तुमच्यावर जबरदस्ती केली असेल तर ते तुमचं पाप नाही, तिथे कबुली नाही, मदत मागायची, आणि लगेच.