पडद्यावरची गोळी खरी वाटावी म्हणून

लघुपटातली किंवा गेममधली चकमक खरी वाटायला हवी असेल, तर बंदुकीआधी जागेचा विचार करावा. गिरगावातल्या चाळीच्या अरुंद जिन्यात झाडलेल्या गोळीचा आवाज भिंतींवर आदळून लगेच परततो, तर शिवडीच्या खाडीकाठी तोच आवाज मोकळ्यात विरून जातो. म्हणून एकच तयार ध्वनी दोन्हीकडे चिकटवू नये. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे १७० मीटरवर झाडलेल्या गोळीचा धमाका ठिणगीनंतर अर्ध्या सेकंदाने, म्हणजेच सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रणात १२ फ्रेम उशिरा ठेवावा. रायफलीची गोळी बहुधा आवाजाहून वेगवान असते, तेव्हा जवळून जाताना तिचा फटकारा आधी आणि बंदुकीचा दणका मागाहून ऐकू येतो. हा क्रम हिंदी-मराठी चित्रपटांत क्वचितच पाळलेला दिसतो. शहाबादी फरशीवर टणकन पडणारी काडतुसाची रिकामी पुंगळी मात्र वेगळी ध्वनिमुद्रित करावी. गेममध्ये पडदा हलवण्याचा मोह आवरून कंप एका झटक्यापुरताच ठेवावा. चाळीत खोट्या बंदुकांनी चित्रीकरण करण्यापूर्वी जवळच्या पोलीस ठाण्याला आणि शेजाऱ्यांना कळवावे.