अंडाशय, मेंदू आणि ऑक्सिटोसिन: हा संबंध कागदावर कसा मांडावा

ऑक्सिटोसिनला ‘प्रेमाचे संप्रेरक’ म्हटले की विषय समजला, असे अनेकांना वाटते. संप्रेरकांचा अभ्यास करणाऱ्याने त्याऐवजी कोरा कागद आडवा धरावा, डावीकडे अंडाशय आणि उजवीकडे मेंदू काढावा आणि मधला संबंध बाणांनी जोडत जावा.

अंडाशयातून एस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेन गटातील मुख्य संप्रेरक) आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे दोन बाण निघतात. ही दोन्ही मेदात विरघळणारी असल्यामुळे रक्तातून मेंदूत सहज शिरतात. ऑक्सिटोसिन मात्र ९ अमिनो आम्लांचे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखी छोटी साखळी आहे आणि रक्तातून मेंदूत ते फारच थोडे पोहोचते. म्हणूनच केवळ रक्ततपासणीवरून मेंदूतील ऑक्सिटोसिनचा अंदाज बांधू नये.

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि माझ्या मते बहुतेक गोंधळ इथेच होतो. मेंदूत एक चौकोन न काढता दोन काढावेत: एक ऑक्सिटोसिन तयार होण्याचा, दुसरा ते ग्रहण करणाऱ्या रिसेप्टरांचा. पहिल्या चौकोनात हायपोथॅलॅमसमधील (मेंदूच्या तळाशी असलेल्या, संप्रेरकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या भागातील) पॅराव्हेंट्रिक्युलर आणि सुप्राऑप्टिक ही केंद्रके, म्हणजे चेतापेशींचे समूह, लिहावीत. उंदरांच्या या पेशींमध्ये इस्ट्रोजेनचा प्रामुख्याने बीटा प्रकारचा रिसेप्टर आढळतो, ज्याचा शोध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या चौकोनात हायपोथॅलॅमसचेच व्हेंट्रोमीडियल केंद्रक लिहावे. येथे एस्ट्राडायॉलमुळे ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर वाढतात आणि हे काम इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या अल्फा प्रकाराकडे असते: ज्या उंदरांमध्ये अल्फा रिसेप्टरच नव्हता, त्यांच्यात एस्ट्राडायॉल देऊनही ही वाढ झाली नाही, असे १९९८ मध्ये दिसून आले. म्हणजे ऑक्सिटोसिनचे प्रमाण तेवढेच राहिले, तरी ते ऐकणारे कान वाढल्यामुळे परिणाम बदलू शकतो.

प्रोजेस्टेरॉनच्या बाणावर ‘एस्ट्राडायॉलनंतर’ असे आवर्जून लिहावे. त्याचे रिसेप्टर व्हेंट्रोमीडियल केंद्रकात एस्ट्राडायॉलच्या प्रभावानेच वाढतात, त्यामुळे येथे केवळ मात्रा लिहून भागत नाही. क्रमही लिहावा लागतो. याच प्रोजेस्टेरॉनपासून बनणाऱ्या ॲलोप्रेग्नॅनोलोनसाठी वेगळा, तुटक बाण काढावा. ते गाबा-ए या, चेतापेशींना शांत करणाऱ्या रिसेप्टरांवर काम करते आणि गर्भार उंदरांमध्ये ऑक्सिटोसिनच्या पेशींना लगाम घालते. प्रसूतीच्या सुमारास त्याचे प्रमाण उतरते आणि हा लगाम सैल होतो.

शेवटी प्रत्येक बाणाजवळ प्राण्याचे नाव लिहावे. प्रयोगातील उंदीर-घुशींचे चक्र ४ ते ५ दिवसांचे असते, तर स्त्रीचे साधारण २८ दिवसांचे, आणि गर्भ नसताना या प्राण्यांचा पीतपिंड (बीजविमोचनानंतर अंडाशयात प्रोजेस्टेरॉन तयार करणारा पिंड) स्त्रीप्रमाणे दोन आठवडे टिकत नाही. बीजविमोचनापूर्वी एस्ट्राडायॉलचा उच्चांक आणि त्यानंतर प्रोजेस्टेरॉनची वाढ, हे स्त्रीच्या बाबतीत निश्चित असल्यामुळे ते शाईने लिहावे. व्हेंट्रोमीडियल केंद्रकातील बाण मात्र प्राण्यांवरील प्रयोगांतून आलेले असल्यामुळे पेन्सिलीनेच ठेवावेत.