वास्कोची हवा कशी ओळखावी: नकाशा, घड्याळ आणि ऋतू

गोव्यातील वास्को शहराची हवा आज किती स्वच्छ आहे, याचे उत्तर मोबाइलवरील एकाच आकड्यात शोधू नये. हवा गुणवत्ता निर्देशांकात धूलिकणांची चोवीस तासांची सरासरी धरलेली असते, आणि आपल्याकडे वारा मात्र दिवसातून दोनदा दिशा बदलतो. म्हणून आधी नकाशा, मग घड्याळ, मग ऋतू आणि सर्वांत शेवटी तो आकडा, या क्रमाने पाहावे.

वास्को ज्यावर वसले आहे, ते मुरगावचे भूशिर पश्चिमेकडे समुद्रात शिरलेले आहे. बंदर त्याच्या उत्तर अंगाला, जुवारी नदीच्या मुखाशी आहे. सड्याचे पठार त्याच्या माथ्यावर, वसाहतींचे शहर पूर्व-आग्नेयेला आणि बायणा पलीकडच्या किनाऱ्यावर. याच बंदरात उतरणारा कोळसा रेल्वेने कुळेमार्गे घाट चढून कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जातो. कागदावर आपले घर, बंदर, रेल्वेमार्ग आणि मुख्य रस्ता यांची खूण करावी व घराची कोणती खिडकी कशाकडे उघडते, ते लिहून ठेवावे. पुढचे सारे याच कागदावर अवलंबून आहे.

आता वारा. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून खारे वारे आत येतात. रात्री जमीन लवकर निवते व मतलई वारे उलट दिशेने वाहतात. पावसाळा सोडला तर आपल्याकडे खारे वारे साधारणपणे दुपारच्या सुमारास जोर धरतात, आणि ते वायव्येकडून आले की बंदरावरची कोळशाची धूळ घेऊन शहराकडे येतात. पहाटे तीच धूळ सड्याकडे व समुद्रावर सरकते. समुद्राकडची हवा नेहमी स्वच्छ असते, हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे: ती वाटेत काय उचलते ते महत्त्वाचे, शिवाय रात्री समुद्रावर गेलेला धूर दुपारी परत येऊ शकतो. दिशा पाहण्यासाठी गॅलरीत सुती दोरा बांधावा किंवा खारीवाड्यावरील ट्रॉलरांचे बावटे पाहावेत. नांगरलेल्या जहाजांवर विसंबू नये. नदीच्या मुखाशी ती भरती-ओहोटीच्या प्रवाहानेही वळतात.

ऋतूंपैकी फसवा असतो तो हिवाळा. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवा थंड होते आणि वरची उबदार राहते; यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. थंड हवा वर चढत नाही, त्यामुळे चुलीचा, कचऱ्याचा, वाहनांचा धूर झाकण घातल्यासारखा खालीच कोंडतो आणि ऊन चढल्यावरच विरतो. पहाटे फिरायला जाणे आरोग्यदायी, असे मानणाऱ्यांनी या महिन्यांत तरी बाहेर पडण्याची वेळ थोडी पुढे ढकलावी. मार्च ते मे या काळात कोरडी माती आणि जोरदार खारे वारे एकत्र येतात. तेव्हा कोळशाचे ढीग आणि रस्त्यांच्या कडा यांवरची धूळ उडते. जूनपासून नैर्ऋत्येचा वारा बायण्याकडून शहरावरून जुवारीपलीकडे जातो आणि पाऊस कण खाली बसवतो. ऑक्टोबरात मात्र रस्त्यांवरचा चिखल सुकून पुन्हा धूळ होतो.

खिडकीच्या चौकटीवर काय बसले आहे, हे पाहण्याचा एक घरगुती उपाय आहे. पांढरे फडके ओले करून चौकट पुसावी आणि ते वाटीभर पाण्यात पिळावे. खाऱ्या हवेचे मीठ विरघळून जाते, तांबूस माती तळाशी बसते, तर कोळशाची पूड व काजळी यांचा काळा तवंग बराच वेळ पृष्ठभागावर राहतो. आमच्याकडे एप्रिलात कोकमाची सोले गच्चीवर वाळत घातली की दुपारनंतर काढलेल्या ताटाला बोट लावताच काळी रेघ उमटते. आता ती सकाळीच, वर पातळ कापड ताणून, वाळवतो. मात्र पीएम २.५ हे अतिसूक्ष्म कण फडक्यावरून मोजता येत नाहीत, आणि तेच फुप्फुसात खोलवर जातात.

त्यासाठी निर्देशांक हवाच. ० ते ५० उत्तम, ५१ ते १०० समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, २०० च्या पुढे वाईट. राष्ट्रीय मानकानुसार चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) साठी १०० आणि पीएम २.५ साठी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. निर्देशांकासोबत कोणता प्रदूषक वरचढ आहे, तेही पाहावे: पीएम १० असेल तर बहुधा धूळ, पीएम २.५ असेल तर बहुधा धूर. समुद्राच्या मिठाचे कणही पीएम १० मध्ये मोजले जातात, हे इथे विसरू नये.

तक्रार करायची असेल, तर "फार धूळ येते" एवढे पुरत नाही. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, खिडकीची दिशा आणि फडक्याचे छायाचित्र, अशी पंधरा दिवसांची नोंद गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी द्यावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.