क्रॉफर्ड मार्केट, मंगलदासला खरेदीला जाताय? मग खायचं आधी ठरवा

लग्नाचा बस्ता असो, दिवाळी असो की नुसतं ड्रेस मटेरियल घ्यायचं असो, मुंबईतला क्रॉफर्ड मार्केट ते भुलेश्वर हा पट्टा एका दिवसात उरकायचा तर कुठे काय खायचं ते घरातून निघतानाच ठरवा. अंतरं काही फार नाहीत, पण ती गर्दी, त्या हातगाड्या, मागून हमाल ओरडत येतात, हातात चार पिशव्या... एकदा का भुलेश्वरपर्यंत गेलात की नुसतं खायला म्हणून परत क्रॉफर्डला यायचं जिवावर येतं, आणि मग भुकेपोटी समोर दिसेल तिथे बसून काहीतरी खाल्लं जातं. इतक्या चांगल्या जागा आजूबाजूला असताना असं होऊ नये असं मला मनापासून वाटतं म्हणून हे लिहितेय.

पहिली गोष्ट, रविवारी जाऊ नका, मंगलदास हे कापडाचं मार्केट बंद असतं. दुसरी, फार लवकर जाऊन उपयोग नाही कारण कापडाची दुकानं नीट सुरू व्हायला अकरा वाजतातच. मग सकाळचा हा वेळ नाश्त्याला द्या. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर कयानी आहे, १९०४ पासूनचं इराणी हॉटेल, मरीन लाइन्स स्टेशनवरून चालत जाता येतं आणि तिथून क्रॉफर्डही दहाएक मिनिटांवर. ब्रून मस्का आणि चहा तर घ्याच, ब्रून म्हणजे पाव, वरून कडक असतो तो चहात बुडवून खायचा, तोपर्यंत मस्का वितळून चहावर पिवळे थेंब तरंगायला लागतात. अंडं चालत असेल तर अकुरी (पारशी पद्धतीची अंडा भुर्जी) मागवा, नॉनव्हेज खात असाल तर खिमा पाव. मावा केक निघताना पार्सल घ्या, दुपारी पोरं कुरकुरायला लागली की कामाला येतो.

आता महत्त्वाचं. खरेदीच्या मध्ये थाळी खाऊ नका. खरंच सांगते, दुपारी एक वाजता पोटभर गुजराती थाळी जेवलात की नंतर साड्या बघायचा उत्साह कुणाला राहत नाही, सासूबाई खुर्ची शोधायला लागतात आणि जी साडी समोर येईल ती "चांगली आहे, घ्या" होते. म्हणून मधल्या वेळेला उभ्या उभ्या खायचं. झवेरी बाजार, मुंबादेवीच्या बाजूला खाऊगल्ली आहे तिथे खिचिया पापड मिळतो, निखाऱ्यावर भाजलेला मोठा तांदळाचा पापड आणि त्यावर कांदा, टोमॅटो, चटणी, मसाला. हलका असतो, दोघांत एक पुरतो आणि लगेच पुढे चालायला मोकळे. फक्त हातात आल्या आल्या खा, दोन मिनिटांत मऊ पडतो.

कापड, दागिने, इमिटेशन, पूजेचं सामान जे काय असेल ते आटोपलं की मग थाळी. माझी पसंती विचाराल तर काळबादेवीतलं श्री ठाकर भोजनालय, दादीशेठ अग्यारी लेनमध्ये, १९४५ पासून आहे. बाहेरून बघून काही अंदाज येत नाही, गल्लीतून जिना चढून वर जायचं. बसलात की ताटात वाट्या भरायला सुरुवात होते, भाज्या, डाळ, कढी, फरसाण, आणि फुलका अर्धा संपायच्या आत दुसरा ताटात पडलेला असतो. बाजरीचा रोटला येतो त्यावर तूप घालतात, सोबत गूळ, तो कुणी नको म्हणू नये. थंडीत गेलात तर उंधियू आहे का ते विचारा. वाढणारी माणसं आग्रहाने वाढतात, पोट भरलं की हात आडवा धरायचा, नुसतं "बस बस" म्हणून थांबत नाहीत. आजी-आजोबा सोबत असतील तर तो जिना तेवढा लक्षात ठेवा.

थाळी एवढी नको असेल, साधं डाळ-भाजी-फुलका हवं असेल तर मुंबादेवीजवळ भगत ताराचंद. हे मूळचे कराचीचे, १८९५ ला सुरू झालेलं, फाळणीनंतर मुंबईत आले. नावाआधी वेगवेगळी अक्षरं असलेले एकाहून जास्त बोर्ड दिसतात, गोंधळू नका, एकाच घराण्याचे आहेत. के. भगत ताराचंदकडे ताक चक्क बिअरच्या बाटलीत येतं, पहिल्यांदा नेलेल्या पाहुण्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. उन्हातून आल्यावर ते थंडगार मसाला ताक आणि तुपाचा फुलका, दुसरं काही लागत नाही.

नॉनव्हेजवाल्यांना क्रॉफर्डजवळच गुलशन-ए-इराण आहे, खिमा, बिर्याणी वगैरे. आणखी थोडं उत्तरेला चालायची तयारी असेल तर भेंडी बाजारात नूर मोहम्मदीची नल्ली निहारी (नळीच्या हाडांचा रस्सा), पण ती खाऊन परत खरेदी करायचा विचार करू नका, ते शेवटचंच काम.

आणि बादशाह. क्रॉफर्ड मार्केटच्या अगदी समोर, १९०५ चं. हे मुद्दाम शेवटी ठेवा कारण सीएसएमटीला परत जाताना वाटेतच लागतं. रॉयल फालुदा मागवा, उंच ग्लासात तळाला सब्जा, शेवया, गुलाबाचं दूध, वर आइस्क्रीम. वरचं आइस्क्रीम आधीच संपवू नका, थोडं विरघळू द्या आणि लांब चमच्याने तळापासून ढवळून घ्या, नाहीतर शेवटी नुसतं सरबत उरतं. सीताफळाच्या सीझनला सीताफळ घ्या. संध्याकाळी जागेसाठी थांबावं लागतं, तर तेवढ्यात एकाने समोर मार्केटमधून ड्रायफ्रूट किंवा केकचं सामान आणायचं आणि बाकीच्यांनी पिशव्या सांभाळत नंबर धरायचा.

तरीही भूक राहिलीच, किंवा लांबची गाडी असेल, तर स्टेशनसमोर फोर्टच्या बाजूला पंचम पुरीवाला आहे, पाच गरम पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, पटकन होतं. आता मेट्रो ३ ची काळबादेवी आणि सीएसएमटी दोन्ही स्टेशनं सुरू आहेत, त्यामुळे थाळी खाऊन थेट काळबादेवीवरून बसायचं की फालुद्यासाठी क्रॉफर्डपर्यंत चालायचं ते तुमच्या पिशव्यांच्या वजनावर ठरवा. सोबत सुटे पैसे ठेवा, छोट्या ठिकाणी लागतात.