जुनी रेस कार तापतेय? रेडिएटर बदलायच्या आधी ती कधी तापते ते बघा

जुनी रेस कार गरम व्हायला लागली की दोन सल्ले लगेच येतात, मोठा रेडिएटर टाका नाहीतर थर्मोस्टॅट (पाणी गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) काढून टाका. कधीकधी बरोबरही असतात, पण बऱ्याचदा पैसे जातात आणि टेंपरेचरचा काटा होता तिथेच राहतो. त्यामुळे स्पॅनर हातात घ्यायच्या आधी गाडी नेमकी कधी तापते हे बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

पिटमध्ये उभी असताना किंवा ग्रिडकडे रांगत जाताना तापते आणि वेग घेतला की काटा खाली येतो, तर मग हवा कमी पडतेय. फॅन, फॅनभोवतीचं श्राउड (हवा रेडिएटरमधूनच ओढायला लावणारं कडं) आणि आयडलचं इग्निशन टायमिंग बघा, टायमिंग फार रिटार्ड (ठिणगी उशिरा पडणारं) असेल तर इंजिन उभ्या उभ्या तापतं. उलट पिटमध्ये सगळं ठीक आणि लांब सरळ पट्ट्यावर फुल थ्रॉटलला काटा चढतो, तर फॅनच्या मागे लागण्यात काही अर्थ नाही, कारण साधारण साठ किलोमीटरच्या वर गेलं की हवा तशीही आपोआप येते. तिथे संशय घ्यायचा तो आतून चोंदलेल्या रेडिएटरवर, लीन मिक्श्चरवर (पेट्रोल कमी, हवा जास्त), किंवा खालच्या होज पाईपवर. हा खालचा पाईप पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो, जुना आणि मऊ झाला की जास्त आरपीएमला आत ओढला जाऊन चपटा होतो आणि गाडी थांबवून बघेपर्यंत परत गोल होऊन बसतो, म्हणून सापडत नाही. आत स्प्रिंग असलेला पाईप घाला, विषय संपला.

तिसरा प्रकार वाईट. स्टार्ट केल्यावर थोड्याच वेळात रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पाणी कॅच टँकमध्ये (उतू गेलेलं पाणी धरणाऱ्या डब्यात) फेकलं जातं, काटा उगाच वरखाली होतो. हे फुटलेलं हेड गॅस्केट (ब्लॉक आणि सिलिंडर हेडमधलं सील) किंवा हेडला गेलेली क्रॅक. रेडिएटरच्या तोंडाशी धरायचं टेस्ट किट मिळतं, त्यातलं निळं द्रावण पिवळं पडलं तर सिलिंडरमधला जळालेला गॅस पाण्यात येतोय. ही टेस्ट स्वस्त आहे, रेडिएटर घ्यायच्या आधी करून टाका.

आता काटा. जुन्या गेजवर आंधळा विश्वास नको, सेन्सरचा बल्ब उकळत्या पाण्यात धरून बघा काय दाखवतो ते, समुद्रसपाटीला 100 यायला पाहिजे आणि दर 300 मीटर उंचीला साधारण एक डिग्री कमी धरायची. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच तो खरं बोलतो. होज फुटून पाणी निघून गेलं की बल्ब वाफेत नाहीतर हवेत लटकतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो, ड्रायव्हर खूश, इंजिन खलास. म्हणून पाण्याच्या प्रेशरचा एक छोटा गेज किंवा लेव्हल कमी झाली की पेटणारा दिवा लावा. माझ्या मते जुन्या गाडीवर करायच्या सगळ्या खर्चात हा सगळ्यात शहाणा खर्च आहे, आणि सगळ्यात कमी लोक करतात.

टेंपरेचर किती असावं? बहुतेक जुन्या इंजिनांना पाणी 75 ते 90 आणि ऑइल 90 ते 110 डिग्री चांगलं. थंड तेवढं चांगलं असं अजिबात नाही. पाणी 60 वरच अडकलं तर पेट्रोल नीट वाफ होत नाही, बोअर (सिलिंडरच्या आतल्या भिंती) लवकर झिजतात आणि ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाणी साठत राहतं. सुरुवातीला 1500 ते 2000 आरपीएमवर धरून गरम करा आणि बघायचं ते पाण्याकडे नाही, ऑइलकडे, कारण पाणी लवकर तापतं आणि ऑइल बरंच मागे असतं, ऑइल 60-70 होईपर्यंत पाय हलका ठेवा.

थर्मोस्टॅट काढण्याबद्दल. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या आधी एक बायपास असतो, म्हणजे रेडिएटरला वळसा घालून पाणी परत पंपाकडे नेणारी वाट. तुम्ही थर्मोस्टॅट काढला आणि बायपास तसाच ठेवला तर काही पाणी थंड न होताच फिरत राहतं. बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या ए-सिरीजसारख्या (जुन्या मिनीतल्या) इंजिनात म्हणूनच थर्मोस्टॅटच्या जागी बायपासचं भोक झाकणारी ब्लँकिंग स्लीव्ह घालतात किंवा बायपास बंद करतात. शिवाय तिथे थोडा अडथळा असलेला बरा, त्याने ब्लॉक आणि हेडमध्ये पाण्याचं प्रेशर टिकतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळच्या गरम जागी वाफेचे फुगे धरत नाहीत. पाणी फार जोरात गेलं तर रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळच मिळत नाही असं जे सांगतात ते मात्र खरं नाही, जोरात जाणारं पाणी एकूण जास्तच उष्णता नेतं, अडचण असते ती प्रेशरची आणि पंपाची. मूळ पंप 5000-6000 आरपीएमसाठी बनवलेला आणि तुम्ही 8000 मारताय, तर तो पाणी ढकलायच्या ऐवजी नुसता घुसळत बसतो. पंपाला मोठी पुली लावून त्याचा वेग कमी करा, अर्थात मग आयडलला पाणी कमी फिरणार, ग्रिडवर फार वेळ उभं राहायचं असेल तर ते लक्षात ठेवा.

हवेचा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित, आणि फायदा सगळ्यात जास्त तिथेच. हवा आळशी असते, रेडिएटरच्या बारीक फिन्समधून जाण्यापेक्षा कडेच्या फटीतून निसटणं तिला सोपं, मग ती तेच करते. म्हणून नाकातल्या तोंडापासून रेडिएटरपर्यंत बंद डक्ट हवा, ॲल्युमिनियम शीटचा करा, कडा फोमने सील करा, नंबर प्लेटच्या भोकापासून हेडलाइटच्या मागच्या जागेपर्यंत सगळं बंद. तोंड रेडिएटरएवढं मोठं असायची गरज नाही, वेगवान गाडीला कोअरच्या (रेडिएटरच्या फिन्सच्या जाळीच्या) क्षेत्रफळाच्या पाव ते एक तृतीयांश पुरतं, डक्ट पुढे रुंद होत गेला की हवा मंदावते आणि तिचं प्रेशर वाढून ती कोअरमधून जाते.

आणि गेलेली हवा बाहेर कुठून निघणार? इंजिन बे भरून प्रेशर झालं की पुढून हवा आत यायचीच थांबते. मागच्या बाजूने बॉनेट वॉशर घालून उचलायची पद्धत पार्किंगमध्ये छान दिसते, पण काचेच्या पायथ्याशी वेगात हवेचं प्रेशर जास्त असतं, म्हणजे तिथून हवा निघायच्या ऐवजी आत येऊ शकते. बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या थोडं मागे, किंवा पुढच्या चाकांच्या मागे बाहेर काढा. बॉडीला लोकरीचे छोटे धागे चिकटवून एक लॅप मारा आणि मागच्या गाडीतून फोटो काढा, हवा कुठे जाते ते दिसतं. फॅनवरून आठवलं, 1978 मध्ये ब्रॅबम या फॉर्म्युला वन टीमने स्वीडनच्या अँडरस्टॉर्प ट्रॅकवर आणलेल्या बीटी46बी गाडीवरचा मोठा फॅन मुख्यतः कूलिंगसाठी आहे असा त्यांचा दावा होता, खरं काम गाडी जमिनीला चिकटवायचं होतं, त्यांचा ड्रायव्हर निकी लाउडा रेस जिंकला आणि गाडी परत कुठल्याही ग्रां प्री रेसमध्ये उतरली नाही. तुमचा फॅन मात्र फक्त कूलिंगच करणार, त्याला श्राउड द्या, पण ते कोअरला खेटून बसवून हवा अडवू नका.

कूलंटचं थोडक्यात. ग्लायकॉल (अँटीफ्रीझ) बऱ्याच ट्रॅकवर बंद आहे कारण सांडलं की रस्ता निसरडा होतो आणि सहज धुतला जात नाही. साधं पाणी उष्णता नेण्यात ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरस आहेच, फक्त गंज येतो, म्हणून डिमिनरलाइज्ड पाणी आणि गंजरोधक असलेलं, पाणी धातूला नीट भिडू देणारं वेटिंग अ‍ॅडिटिव्ह घाला. प्रेशर कॅपने दर एका पीएसआयला (प्रेशरचं एकक) उकळबिंदू साधारण दीड डिग्रीने वाढतो, 7 पीएसआयला 111 च्या आसपास, 15 ला 121. पण मूळ 4 किंवा 7 पीएसआयवर चाललेल्या पितळी रेडिएटरवर एकदम 15 ची कॅप लावली तर सोल्डरचे जोड सुटू शकतात. आणि भरताना हवा काढा, हेडचा सगळ्यात उंच पॉइंट रेडिएटरच्या टोपणापेक्षा वर असेल तर तिथे ब्लीड स्क्रू किंवा हेडर टँक (सगळ्यात उंचावरची पाण्याची टाकी) लागतोच.

ऑइल कूलर लावलाच असेल तर मध्ये ऑइल थर्मोस्टॅट घाला. थंड दिवशी नुसत्या कूलरमुळे ऑइल 70 च्या वर जातच नाही, तेव्हा अर्ध्या कूलरवर टेप लावून चालतं, काही लाज वाटायचं कारण नाही.

ट्रॅकवर दुसऱ्या गाडीच्या शेपटाला चिकटून राहिलात की तिची गरम, विस्कटलेली हवा तुम्हाला मिळते, सरळ पट्ट्यावर अर्धी गाडी बाजूला काढली तरी काटा उतरतो. शेवटचा लॅप कमी आरपीएमवर, वरच्या गिअरमध्ये या, पिटमध्ये आल्यावर मिनिटभर आयडलला ठेवा आणि मग बंद करा, कारण बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं पण हेडमधली उष्णता तिथेच असते आणि टेंपरेचर आधी अजून वर जातं. इलेक्ट्रिक फॅन किंवा पंप असेल तर तो चालू राहू द्या. कॅप गरम असताना उघडायची नाही, कितीही घाई असली तरी, वाफेने हात आणि तोंड दोन्ही भाजतं.

साध्या पाण्यावर चालवत असाल तर गोठणाऱ्या थंडीआधी ते काढा, आणि नुसता रेडिएटरचा कॉक उघडून थांबू नका, ब्लॉकच्या बाजूला वेगळा ड्रेन प्लग असतो तोही उघडा. पाणी आलं नाही तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका, भोक गाळाने बुजलेलं असू शकतं, तारेने खुपसा.